तामरच्या मापाचा जोडा

पायात घालायच्या वस्तूला तोंड कशाला हवं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. दहा वर्षं मी एका कपाटात गप्प बसून काढली आहेत, तेव्हा आता जरा बोलून घेतो. मी जोडा आहे. बायकी, काळ्या वासराच्या कातड्याचा, घोट्याच्या वर चार बोटं येणारा. माझं माप एकाच बाईचं, आणि माझी सगळी कथा त्या एका मापाची आहे.

ओहायो नदीच्या उत्तर काठावर न्यू कॉर्नवॉल नावाचं गाव आहे. तिथे हेझेकाया लूमिस यांचा कातडी कमावायचा कारखाना होता. ओकच्या सालीच्या पाण्यात त्यांनी मला चौदा महिने बुडवून ठेवलं. दुसरे लोक चार महिन्यांत काढतात, पण लूमिसना घाईचं काम सोसायचं नाही. माणूस ताठ, उंच, कमी बोलणारा. त्यांच्या बुटांची टाच दोन्ही बाजूंनी सारखी झिजायची. अशी टाच मी पुढे कुणाचीच पाहिली नाही. असा माणूस एकदा निघाला की वळत नाही, हे आम्हा पादत्राणांना लगेच कळतं.

कारखान्याच्या रस्त्याकडच्या खोलीत एनॉक पेटवे बसायचा. मोची, वय पस्तीसच्या आसपास, रंगाने काळा, हाताने सोनं. माझा जन्म त्याच्या मांडीवर झाला.

एनॉक मूळचा नदीपलीकडचा, केंटकीतला; तिकडे गुलामगिरी होती, आमच्या काठावर नव्हती. टर्नली नावाच्या मालकाचा गुलाम. दिवसभर मालकाचं काम, आणि उरलेल्या वेळात लोकांचे जोडे शिवून त्याने आठ वर्षांत स्वतःला विकत घेतलं. पण तिकडचा कायदा असा, की सुटलेल्या काळ्या माणसाने राज्यात राहायचंच नाही. राहिला तर तुरुंग. म्हणजे सुटका झाली त्याच दिवशी त्याला घर सोडावं लागलं. घरात बायको होती, तामर. ती टर्नलीचीच.

नदी तशी काही समुद्र नव्हे. पलीकडे कुत्रं भुंकलं की अलीकडचं उत्तर द्यायचं. खिडकीतून टर्नलीच्या तंबाखूच्या वखारीचं छप्पर दिसायचं. एनॉक दोरा ओढता ओढता त्या छपराकडे बघत राहायचा, आणि आरी बोटात घुसली की भानावर यायचा.

टर्नलीकडे गुलामांना वर्षाला एक जोडा मिळे, त्याची तऱ्हा सांगतो. प्रत्येकाच्या पावलाच्या लांबीची एक काडी तोडायची, काड्यांची मोळी बांधायची आणि मोच्याकडे पाठवायची. चवडा रुंद की अरुंद, पाय भरलेला की वाळलेला, कुणी विचारत नसे. काडीएवढा जोडा आला की घाला आणि चालू लागा. कित्येक वर्षं ती मोळी एनॉकच्याच हातात यायची. त्यातली तामरची काडी तो ओळखायचा, पण तिच्या जोड्याला वेगळं कातडं वापरायची सोय नव्हती. चवड्याशी तो जोडा तिला दरवर्षी चावायचा. पलीकडून निघताना त्याने तिला सांगितलं होतं, तू इकडे येशील तेव्हा तुझ्या पायाच्या मापाचा जोडा दारात तयार असेल. हे त्याने दिलेलं वचन, आणि ते वचन म्हणजे मी.

माप कसं मिळालं तेही ऐका. ड्रूसिला म्हणून एक म्हातारी होती, गुलाम नसलेली, दोन्ही काठांवर अंडी विकायची. तिच्या टोपलीच्या तळाशी पेंढ्यात गुंडाळून एक सुतळी आली. तिला तीन गाठी. पहिल्या गाठीपर्यंत पावलाची लांबी, दुसरीपर्यंत चवड्याचा घेर, तिसरीपर्यंत पावलाच्या उंचवट्याचा.

"तुझ्या बायकोने पायाला सुतळी गुंडाळली तेव्हा इतकी हसत होती," ड्रूसिला म्हणाली. "म्हणाली, सांग त्याला, दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे हे विसरू नको."

"विसरेन कसा?" एनॉक म्हणाला. "त्या बोटानेच मला थंडीत लाथ मारायची."

त्याने सुतळीवरून मेपलचा फर्मा, म्हणजे तिच्या पायाचा लाकडी ठोकळा, कोरला आणि तीन आठवडे माझ्यावर काम केलं. बाकीच्या जोड्यांना लाकडी मेखा ठोकायचा, मला मात्र राळ लावलेल्या दोऱ्याने शिवलं. शिवताना तो माझ्याशी बोलायचा. तिची डावी टाच हिवाळ्यात फुटते. उभी राहते तेव्हा भार उजव्या पायावर टाकते. चिखलात चालताना बोटं आवळते. मी तिला पाहिलेलं नव्हतं, पण ऐकून ऐकून मला तिच्या पायाची ओढ लागली. रिकामा जोडा किती जड असतो हे भरलेल्या जोड्यांना नाही कळायचं.

आता लूमिस यांच्याकडे वळतो. एकेकाळी ते चर्चचे डीकन, म्हणजे कारभार बघणारे वडीलधारे, होते. मग तो नवा कायदा आला, की पळून आलेला गुलाम कुठेही सापडला तरी परत द्यायचा, आणि शेजारपाजाऱ्यांनी पकडायला मदत करायची. एके सकाळी चार माणसं कागद घेऊन कारखान्यात शिरली. हौदावर काम करणाऱ्या एका बापाला त्यांनी बांधलं. त्याची दोन लेकरं बघत होती. लूमिस आडवे आले म्हणून महिनाभर त्यांना तुरुंगात टाकलं. बाहेर आले ते डीकनपद सोडून, आणि पहिलं काम काय केलं, तर बंदुका विकत घेतल्या. तेव्हापासून गाव त्यांना कप्तान म्हणू लागलं.

त्यांनी पकडणाऱ्यांच्या होड्या जाळल्या. नदी ओलांडून दोनदा लोक आणले, सगळे मिळून एकोणीस. पण दुसऱ्या खेपेला पकडणाऱ्यांतले दोघे मेले, त्यातला एक दारातच, बायकोसमोर. मी हे लपवत नाही. एनॉकलाही ते पचलं नव्हतं. कितीतरी दिवस तो कप्तानांच्या बुटांना हात लावत नव्हता, कारण त्यांच्या शिवणीत काहीतरी वाळलेलं होतं. शेवटी त्याने ते धुतले. बरोबर काय नि चूक काय ते तुम्ही ठरवा, मी जोडा आहे, न्यायाधीश नाही.

मग तो शनिवार आला. दुपारी ड्रूसिला अंडी न विकताच धापा टाकत आली. टर्नलीने सहा माणसं गुलामांच्या व्यापाऱ्याला विकली होती. दक्षिणेला, कापसाच्या मुलखात जाणार. सोमवारी आगबोट. सहांत तामर.

एनॉकने मला उचलून काखेत मारलं आणि मागच्या घराकडे धावला. मला का घेतलं कुणास ठाऊक, त्यालाही कळलं नसेल. स्वयंपाकघरात कप्तान हात धूत होते. त्यांची बायको मेहिटेबल, जिला सगळे हिटी म्हणत, भाजलेल्या घेवड्यांचं भांडं भट्टीतून काढत होती.

"आजच निघू, कप्तान," एनॉक म्हणाला. "अंधार पडायच्या आत पलीकडे उतरतो. होडी तयार आहे."

कप्तानांनी खिडकीतून सूर्याकडे पाहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हे लोक मूळचे कनेटिकटचे. त्यांचा शब्बाथ, म्हणजे देवाने नेमलेला विसाव्याचा वार, शनिवारी सूर्य मावळला की लागतो आणि रविवारी मावळला की सुटतो. तेवढ्या वेळात चूल पेटत नाही, जोड्याला पॉलिश होत नाही, दाढी होत नाही. घेवडे आधीच भाजून ठेवायचे आणि गार खायचे. कप्तान बंदूक चालवायला बिचकत नसत, पण साठ वर्षांत त्यांनी शब्बाथला खिळासुद्धा ठोकला नव्हता.

"उद्या सूर्य मावळला की निघू," ते म्हणाले. "बोट सोमवारची आहे. आपल्या हातात रात्र आहे."

"आणि त्यांनी उद्याच हलवलं तर?"

"रविवारी? टर्नली देवळात पहिल्या बाकावर बसतो. पापी आहे, पण रविवारी माणसं विकायला काढील इतका नाही."

"मी त्या घरात सव्वीस वर्षं काढलीत," एनॉक म्हणाला. "देवळातून घरी आले की त्यांचा रविवार संपतो. मग कोंबडी कापतात, पत्ते खेळतात, हिशेब करतात."

"एनॉक, देवाचा वार मोडून देवाचं काम होत नसतं."

हिटीने भांडं टेबलावर आदळलं. "मिस्टर लूमिस, बैल विहिरीत पडला तर शब्बाथला बाहेर काढायला शास्त्रात परवानगी आहे. तुम्हीच वाचून दाखवता. तामर काय बैलापेक्षा खालची झाली?"

"बैल अजून पडलेला नाही, हिटी. सोमवारी पडणार आहे. मी आदल्या संध्याकाळी विहिरीच्या काठावर उभा असेन."

"तुम्ही काठावर उभे राहा आणि शास्त्र वाचा," ती म्हणाली. इतकं टोचून ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

होडी कप्तानांची, बंदुका कप्तानांच्या, बरोबरची चार माणसं त्यांचा शब्द झेलणारी. एनॉक एकटा गेला असता तर पकडला गेला असता आणि तामरही गेली असती. हे त्याला कळत होतं म्हणून तो थांबला. पुढे कोठडीत त्याने स्वतःला एकच प्रश्न शंभरदा विचारला म्हणे, की मी पोहत का नाही गेलो.

रविवारचा तो दिवस मला अजून आठवतो. एनॉक खिडकीत मला मांडीवर घेऊन बसला होता. देवळाची घंटा इकडे झाली, तिकडे झाली. दुपारी हिटी आली ती गरम कॉफी घेऊन. त्या घरात लग्नापासून पहिल्यांदा शब्बाथला चूल पेटली होती. कप्तान अंगणात उभे राहून धुराड्याकडे बघत होते. धूर निघाला तरी ते चूल विझवायला आत गेले नाहीत.

सूर्य बुडाला तशी होडी सुटली. एनॉकने माझ्या नाड्या एकमेकींत बांधून मला गळ्यात अडकवलं होतं. तिला होडीतच घालीन, म्हणाला. पहिलं पाऊल मोकळ्या जमिनीवर पडेल ते माझ्या जोड्यात पडेल. माझ्या आत तर जणू कुणी निखारे ठेवले होते.

टर्नलीच्या झोपड्यांपाशी एक बाई दारात बसली होती. तिने एनॉकला ओळखलं आणि तोंडावर हात घेतला.

"दुपारीच नेलं रे," ती म्हणाली. "देवळातून आले, जेवले, आणि व्यापारी म्हणाला रविवारी रस्ता मोकळा असतो, आत्ताच नेतो. सहाही जणांना एका साखळीत घातलं. तामर म्हणत होती, जरा थांबा, माझा माणूस येणार आहे. ते हसले."

एनॉकने माझ्या टाचा दोन्ही मुठींत घट्ट धरल्या.

आवाज ऐकून टर्नलीचा जावई आणि व्यापाऱ्याचा मागे राहिलेला एक माणूस बंदुका घेऊन ओसरीवर आले. पहिली गोळी कुणी झाडली यावर कोर्टात दीड दिवस वाद झाला. मी एनॉकच्या छातीवर होतो, मला फक्त धूर दिसला. धूर ओसरला तेव्हा ते दोघे पायरीवर पडले होते. जावयाच्या पायात छान नवे बूट होते, बहुतेक लग्नातले.

झोपड्यांतून आठ माणसं यायला तयार झाली. कप्तानांनी त्यांना आपल्या चार माणसांबरोबर होडीत बसवलं आणि स्वतः काठावरच राहिले.

"तुम्ही जा," एनॉक म्हणाला. "मी आगबोटीच्या धक्क्यापर्यंत धावतो. बोट पहाटे सुटते."

"चूक माझी आहे," कप्तान म्हणाले. "चल."

धक्का अकरा मैलांवर. बासष्ट वर्षांचा तो ताठ म्हातारा धावत होता, पडत होता, उठत होता. वाटेत त्यांनी एनॉकची क्षमा मागितली की नाही, तर नाही मागितली. आणि एनॉकने त्यांना शिवी दिली का, तर तीही नाही. दोघे नुसते पळत राहिले.

ते पोहोचले तेव्हा उजाडलं होतं. बोट वळणापलीकडे गेली होती आणि वर नुसता धूर दिसत होता. एनॉक गुडघाभर पाण्यात शिरला आणि तिथेच उभा राहिला. तासाभरात घोडेस्वार आले. कप्तानांनी बंदूक खाली ठेवली. एनॉकला पाण्यातून ओढून काढावं लागलं.

खटला टर्नलीच्या काठावरच्या मेडरी गावच्या कोर्टात तीन दिवस चालला. मला अकरा नंबरची चिठ्ठी बांधली आणि टेबलावर बंदुकांच्या शेजारी ठेवलं. बंदुकांच्या पंगतीला बसायची माझी ती पहिलीच वेळ. सरकारी वकिलाने मला उचलून पंचांना दाखवलं.

"हा जोडा बघा. आत शिक्का लूमिसच्या कारखान्याचा. आरोपी म्हणतात, आयत्या वेळी गेलो. पण चोरून आणायच्या बाईचा जोडा आधीच शिवून तयार होता. हा कट नाही तर काय?"

बायकोसाठी जोडा शिवणं म्हणजे कट, हे मी तिथे शिकलो.

कप्तानांचा वकील भला माणूस होता. त्याने सुचवलं की अशिलाचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणू, फाशी टळेल. कप्तान उभे राहून म्हणाले, "माझं डोकं शाबूत आहे. या गृहस्थांनी मला वेडं ठरवू नये." मग शिक्षेआधी काही बोलायचं आहे का असं विचारल्यावर ते म्हणाले, "मला एकाच गोष्टीचा पश्चात्ताप होतो. मी चोवीस तास थांबलो." लोकांना त्याचा अर्थ लागला नाही. मागच्या बाकावर हिटीने मान खाली घातली.

एनॉकला तेच विचारलं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, तो जोडा तिचा आहे," तो म्हणाला. "ती कुठे गेली ते व्यापाऱ्याला ठाऊक असेल. कुणी त्या बाजूला जाणारं असेल तर पोहोचवा. थंडीत तिची टाच फुटते."

न्यायाधीश म्हणाले, "पुराव्यातली वस्तू कोर्टाच्या ताब्यात राहील." आणि फाशीची तारीख सांगितली.

दोघांना एकाच दिवशी फाशी दिली. मला कपाटात कोंडलं होतं, म्हणून मी काही पाहिलं नाही, आणि पाहायला नको होतं. कारकुनांच्या बोलण्यातून कळलं ते एवढंच. हिटीने दोन्ही देह मागितले. कप्तानांचा मिळाला, कारण ती लग्नाची बायको. एनॉकचा देह त्याच्या नातेवाइकालाच देता येईल असं सांगितलं. त्याला बायको आहे, ती म्हणाली. गुलामांचं लग्न कायद्यात धरत नाहीत, त्यांनी सांगितलं, म्हणजे त्याला नातेवाईक नाही. तुरुंगामागच्या शेतात त्याला पुरलं, आणि वर कसलीही खूण ठेवली नाही.

मग कपाट. दहा वर्षं. माझ्या एका बाजूला गंजलेली बंदूक, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी मृत्युपत्राची पेटी. बाहेर मोठं युद्ध झालं, कोर्टात जखमी शिपाई आणून टाकले. एकाने कपाट फोडून मला पायात घालायचा प्रयत्न केला. अंगठाच जेमतेम आत गेला, तेव्हा शिव्या देत त्याने मला फेकलं. कुणीतरी उचलून परत ठेवलं. कातडं कोरडं होत गेलं, जीभ कडक झाली. उंदराने एक नाडी खाल्ली. तरी मी वाट बघायचो. कपाटाचं दार उघडलं की वाटायचं, आली. धूळ झटकणारा माणूस असायचा. मला तिचा चेहरा माहीत नव्हता, आवाज माहीत नव्हता. पण तिचा पाय मी अंधारातही ओळखला असता. निदान मला तसं वाटायचं.

युद्ध संपून, सगळे गुलाम सुटून दोन वर्षं झाल्यावर एका दुपारी वेस्कॉट कारकुनाच्या टेबलाशी एक बाई येऊन उभी राहिली. केस पांढरे, चेहरा उन्हाने रापलेला, पाय उघडे. मिसिसिपीहून काही बोटीने, काही पायी, विचारत विचारत आली होती. न्यू कॉर्नवॉलला हिटीने तिला सगळं सांगितलं होतं.

"काय हवंय, मावशी?" वेस्कॉटने विचारलं. तिकडे काळ्या बायकांना अशीच हाक मारायची रीत.

"मला बहीण नाही, तेव्हा मी मावशी कुणाची?" ती म्हणाली. "मी तामर पेटवे. माझा जोडा घ्यायला आलेय."

वेस्कॉट काही वाईट माणूस नव्हता. नियमाचा माणूस होता, एवढंच. त्याने जुने कागद काढले, चष्मा लावला, वाचलं. मग मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. दहा वर्षांनी मी नीट उजेडात आलो, आणि उजेडात ती.

"कागदात लिहिलंय की जोडा तामर नावाच्या बाईच्या मापाने केलेला," तो म्हणाला. "तू तीच कशावरून?"

"घालून दाखवते."

ती खुर्चीवर बसली आणि उजवा पाय माझ्यात घातला.

काय सांगू तुम्हाला. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. टाच फुटलेली होती. सगळं एनॉकने सांगितल्यासारखं. पण पाय चवड्याशी अडला. दहा वर्षं कापसाच्या शेतात अनवाणी उभं राहून तो पसरला होता, अंगठ्याच्या मुळाशी हाडाची गाठ आली होती. मी ताणायचा प्रयत्न केला, जीव तोडून केला. पण मीही वाळून गेलेलो. इतक्या वर्षांनी ती आली आणि मी तिला चावलो.

"बसत नाही," वेस्कॉट म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण तो खिडकीकडे बघत होता. "मग तुझा आहे असं मी कसं लिहू?"

तामरने पाय बाहेर काढला. टेबलावर लेखण्या तासायचा चाकू होता, तो उचलला. मला मांडीवर घेतलं, गाठ कुठे लागत होती तिथे बोट फिरवलं, आणि चवड्याच्या बाजूने मला सरळ चिरलं. आधी उजवा, मग डावा. एनॉकने तीन आठवडे जपून जपून शिवलेलं ते अंग दोन घावांत उघडं झालं.

"अगं, तो कोर्टाचा पुरावा आहे," वेस्कॉट उठून उभा राहिला.

तिने दोन्ही पाय आत घातले, एक नाडी बांधली, दुसरी नव्हती तिथे चिंधी बांधली. मग उठली आणि टेबलापासून दारापर्यंत चालून दाखवलं.

"बसला," ती म्हणाली.

वेस्कॉटने चष्मा काढून पुसला. माझी अकरा नंबरची चिठ्ठी तोडून त्याने टोपलीत टाकली. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. पण माझ्यात पाय होता.

"त्याला कुठे पुरलंय?" तिने विचारलं.

"मागच्या शेतात. नक्की कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हाचा जेलर मेला, आणि दोन वर्षांपूर्वी तिथे नांगर फिरला."

ती शेतात गेली. मक्याची कापणी होऊन नुसते खुंट उरले होते. ती एका कोपऱ्यातून निघाली, सरळ दुसऱ्या टोकाला गेली, पुढची सरी धरली आणि परत आली. कापूस वेचणारी बाई चालते तशी, एकही सरी न चुकवता. आधी मला समजेना. मग ती पुटपुटली ते ऐकू आलं.

"कुठेतरी खाली असशीलच तू. बघ, घातलाय."

सूर्य कलेपर्यंत तिने ते सबंध शेत चालून काढलं. मी आयुष्यात पहिल्यांदा चाललो तो असा. कुठल्या पावलाला मी त्याच्यावरून गेलो ते मला कळलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

त्याला आता बारा वर्षं झाली. तामर मेडरीतच राहते, लोकांचे कपडे धुते. माझा तळ तिसऱ्यांदा बदललाय, चिरेतून पाऊस आत येतो. मध्ये नदीपलीकडून, ओहायो राज्यातून एक गृहस्थ आले होते. कप्तानांच्या आठवणींचं दालन काढलंय म्हणाले, काचेच्या पेटीत मला ठेवायचं होतं. पेटीवर काय लिहिणार, तिने विचारलं. ते म्हणाले, 'लूमिस यांच्या कारखान्याचं कातडं'. शिवणाऱ्याचं नाव? त्यांनी खिसे चाचपून कागद काढला, पण ते नाव त्यात नव्हतं. तामरने त्यांना चहा दिला आणि मला पायात घालून दारापर्यंत पोहोचवायला गेली.

तर माझं एवढंच मागणं आहे. ती थकलीये. एक दिवस ती उठायची नाही, आणि तेव्हा मला विचारणारं कुणी नसेल. मला पेटीत घालू नका, कपाटात तर मुळीच ठेवू नका. तिच्या पायातून मला काढूच नका. तिला त्या शेतात न्या आणि माझ्यासकट पुरा. नेमकी जागा कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा कुठेही चालेल.